पेन्सिलीतले तीन

आमच्या संस्थेची स्मरणिका निघते आहे. सुरुवातीच्या माणसांपैकी उरलेली मी एकटीच, म्हणून त्या दिवसांवर चार पानं लिहून द्या, असं सांगायला दोन तरुण मुली घरी आल्या होत्या. दिली लिहून. चार मागितली होती, मोजून चार दिली. समास सोडून, ओळ सरळ ठेवून. न्यायला आल्या तेव्हा त्या मुलींतली एक म्हणालीसुद्धा, "बाई, या वयात काय अक्षर आहे तुमचं!" मी हसले. त्या गेल्यावर मात्र दार लावून आणखी एक कागद काढला.

हे पाचवं पान. हे स्मरणिकेसाठी नाही. यातलं मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. तो बिचारा, आपली बायको फार प्रामाणिक आहे असं समजतच गेला. मुलीजवळ नाही, आणि सरांजवळ तर नाहीच नाही. मग तुमच्याजवळ का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा त्या पोरीनं नेमकं माझ्या अक्षराचंच कौतुक केलं म्हणून असेल — काय सांगू.

त्या चार पानांत काय लिहिलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सगळं खरंच आहे ते.

आमची लोकसंख्या संशोधन संस्था सुरू झाली नगरला, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत. खाली गिरणी लागली की वर टेबलं थरथरायची आणि दुपारपर्यंत कागदांवर पिठाचा थर बसायचा. आम्ही कागद झटकून कामाला लागायचो. सर, एक टंकलेखक आणि आम्ही तिघी-चौघी पाहणी करणाऱ्या मुली, एवढीच संस्था. सर आधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, ते सोडून यात पडले. उंच, वाळकुडे, सायकलवरून यायचे. कुटुंबनियोजनाची सरकारी भाषणं ऐकली की वैतागायचे. "आधी माणसं नीट मोजा," म्हणायचे, "मग त्यांना शहाणपण शिकवा." गावोगाव जाऊन घरटी माहिती घ्यायची — घरात माणसं किती, मुलं किती झाली, किती राहिली, किती गेली आणि कोणत्या वयात गेली — आणि त्यावरून कुठं काय हवं ते सांगायचं, हा त्यांचा ध्यास. गावातल्या बाया आम्हाला आधी 'आप्रेशनवाल्या' समजायच्या. आम्ही दिसलो की दारं लागायची. ती उघडून घ्यायला आम्ही शिकलो.

कामाचा एक नियम होता. शिवारात पेन्सिल, मुक्कामावर शाई. म्हणजे घरी जाऊन माहिती घेताना पत्रक पेन्सिलीनं भरायचं, चुकलं तर खोडता येतं. मग दिवेलागणीच्या आत मुक्कामी बसायचं, एकेक पत्रक तपासायचं आणि वरून शाईच्या पेनानं पक्कं करायचं. शाई लागली की ते पत्रक सरांचं, त्याला आपण हात लावायचा नाही.

आता माझं सांगते. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला ते माहीत होतं. शाळेत फळ्यावरचा सुविचार लिहायला मलाच बोलवायचे, ते जे डोक्यात गेलं ते उतरलंच नाही. माझी पत्रकं बघण्यासारखी असायची. आकडे चौकटीच्या बरोबर मधोमध, कुठं डाग नाही, गिरवणं नाही. सर ती इतर मुलींसमोर धरायचे. "हिची बघा. एक खाडाखोड नाही." बाकीच्या मुली तोंडं वाकडी करायच्या आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात फुगायचे. हे हसण्यासारखं आहे ना? तेवीस वर्षांची होते मी. पण तेवीस काही लहान वय नाही, हेही मला माहीत आहे.

स्मरणिकेत हे 'खाडाखोड नाही'चं मी लिहिलं आहे. विनोद म्हणून.

तर — बहात्तरचा दुष्काळ. पारनेर तालुक्यातल्या एका वाडीत मी गेले होते. सुप्याला एसटीतून उतरायचं आणि पुढं पायी. वाडीचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाला उपयोग नाही. चाळीसेक घरं. विहिरींचे तळ दिसत होते. धडधाकट माणसं, बाया, सगळी सकाळीच खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायची. दिवसभर वाडीत म्हाताऱ्या, लहान पोरं आणि कुणी आजारी-बिजारी. मी शाळेच्या खोलीत उतरले होते. शाळा बंदच होती.

मी पत्रकावर छापलंय तसंच विचारायचे. "आजपर्यंत एकूण किती मुले झाली?" आणि बहुतेक घरांत उत्तर द्यायच्या त्या सासवा. सुना कामावर, नाहीतर दाराआड. सासू बोटं मोजून सांगायची — तीन, चार, पाच. गेलेली किती? देवीनं गेला एक, हगवणीनं गेली एक. भराभर उत्तरं, भराभर पत्रकं. पाच दिवसांचं काम मी साडेतीन दिवसांत आणलं. कुणीही उरकलं नसतं इतक्या लवकर, असं स्वतःशी म्हणत होते मी.

शेवटून दुसरं घर हौसाबाईचं. ती त्या दिवशी कामावर गेली नव्हती, अंगणात धुणं वाळत घालत होती. माझ्याच वयाची, एखादं वर्ष मोठी असेल. काळीसावळी, हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं. मी प्रश्न विचारला तो तिला, पण उत्तर आलं उंबऱ्यावर बसलेल्या सासूकडून.

"हिला काय न्हाई."

"एकही मूल झालं नाही?"

"न्हाई म्हनलं न्हवं? फुडचं इच्यार."

मी पेन्सिलीनं शून्य काढलं. हौसाबाई माझ्याकडे बघत उभी होती, हातात पिळलेलं लुगडं तसंच. पुढचे प्रश्न मग आपोआपच गळले. शून्य असलं की पत्रक लवकर संपतं.

शेवटचं घर करून मी शाळेकडे निघाले तर ती माझ्यामागून आली. डोक्यावर रिकामी घागर. कोरड्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन का निघालीस, असं कुणी विचारलं नाही, कारण बघायलाच कुणी नव्हतं. बाभळीखाली तिनं मला थांबवलं.

"बाई, माझं काय लिवलं?"

मी सांगितलं. शून्य.

ती म्हणाली, "तीन झाली मला."

मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगू शकते. कारण ते विसरायचा मी फार प्रयत्न केला, आणि असं काही विसरायला गेलं की ते पाठच होऊन बसतं.

"पयली लेक. डोक्यावर ह्ये एवढं जावळ हुतं. चवथ्या दिशी दूध वडाना, अंग ताठ झालं, गेली. दुसरा ल्योक. पाचवीच्या दिशी गेला, दुपारी. पाटा धुऊन ठिवला हुता पुजायला. तिसरी पन लेकच. ती तर तिसऱ्या दिशीच. आमच्यात पाचवीच्या आत गेलेलं मोजत न्हाईत, बाई. ते आलंच न्हाई म्हनत्यात. पर माझ्या पोटाला ठावं हाय ना?"

तुम्हाला पाचवी माहीत असेल. बाळाच्या पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजतात. पुढ्यात कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. आमच्या घरीही ठेवत. माझ्या भावाच्या वेळी तो कागद मीच कापून दिला होता.

हौसाबाई माझ्या हातातल्या पत्रकाकडे बघत म्हणाली, "सटवाई माज्या लेकरांपत्तुर आलीच न्हाई. कोरं कागद तसंच ऱ्हायलं. तुमी लिवा. कुटंतरी लिवल्यालं असू द्या, बाई."

मी तिथंच बाभळीला टेकून पत्रक काढलं, शून्य खोडरबरानं पुसलं आणि तीन लिहिले. जोर देऊन लिहिले. पुढच्या रकान्यांत प्रत्येकाचं वय — चार दिवस, पाच दिवस, तीन दिवस. ती वाकून पेन्सिलीचं टोक बघत होती. झाल्यावर म्हणाली, "झालं?"

"झालं. लिहिलं."

मग तिनं आणखी एक सांगितलं. तिला पुन्हा दिवस गेले होते, दुसरा महिना होता. आणि जाता जाता, घागर डोक्यावर ठेवत, सहज म्हणाली, "माझं एकलीचं न्हाई ह्ये. समद्या घरांत हाय. पर सासवा कशाला सांगत्यात?"

ती गेली. मी तिथंच उभी.

समद्या घरांत. तुमच्या लक्षात आलं ना? मी ज्यांना ज्यांना 'एकूण किती मुले झाली' विचारलं होतं, त्यांनी पाचवी पुजलेली मोजून सांगितली होती. त्याआधी गेलेली कुणीच सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्या लेखी झालीच नव्हती. प्रश्न चुकला होता. 'बाळंतपणं किती झाली' असं विचारायला हवं होतं, आणि सासूला नाही, सुनेला. म्हणजे पिशवीतली चाळीस पत्रकं — सुंदर, स्वच्छ, माझी — चूक होती. पुन्हा चाळीस घरं. बाया खडीवरून येतील तेव्हा एकेकीला गाठून, सासूपासून बाजूला घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला नगरला जायचं होतं. साडेतीन दिवसांत काम करून आलेली मी, सर सगळ्यांसमोर काय म्हणतील ते माझ्या कानांत आधीच वाजत होतं.

तसं दुसरंही करता आलं असतं. एकटं हौसाबाईचं पत्रक तीन ठेवून बाकीची तशीच दिली असती तरी चाललं असतं. पण सर हुशार माणूस. चाळिसांत एकीचीच तीन मुलं पहिल्या पाच दिवसांत गेलेली बघून त्यांनी लगेच विचारलं असतं — हे कसं कळलं? बाकीच्यांना असं विचारलं का? आणि मला परत पाठवलं असतं. रागावले नसते. प्रेमानं पाठवलं असतं, स्वतःही आले असते सायकलवरून. पण माझं नाव 'पुन्हा पाठवावं लागलेली' झालं असतं.

शाळेच्या ओसरीवर उजेड होता अजून. मी पत्रकं शाईनं पक्की करायला बसले. हौसाबाईचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मग ते घेतलं, खोडरबर घेतलं आणि तीन पुसले. त्यांची वयंही पुसली. फुंकर मारून कचरा उडवला. आणि शाईनं शून्य काढलं. चांगलं गोल, चौकटीच्या बरोबर मधोमध.

जोर देऊन लिहिलं होतं ना मी — पेन्सिल पुसली गेली, पण कागदावर खाच राहिली. पत्रक तिरकं धरलं की शून्याच्या आत तीन दिसायचे. सरळ धरलं की नाही. सर पत्रकं सरळच धरायचे.

हे झालं खोडण्याचं. तुम्हाला वाटेल संपलं. तसं असतं तर एवढी वर्षं दडपून ठेवायला मी काही फार मोठी पापभीरू बाई नाही. पुढं ऐका.

आमच्याकडे तेव्हा यंत्रंबिंत्रं नव्हती. जाड पुठ्ठ्याची कार्डं होती, कडेनं भोकं असलेली. एका बाईचं एक कार्ड, एका उत्तराचं एक भोक. पत्रकात ते उत्तर असलं की त्या भोकाची कड कात्रीनं कापून मोकळी करायची. मग गठ्ठा उभा धरायचा, एका भोकातून दाभण आरपार घालायचं आणि उचलायचं. ज्यांची कड कापलेली ती कार्डं खाली पडायची, बाकीची दाभणाला लटकून राहायची. पडलेली मोजायची, झालं गणित. गोणी शिवायचं साधं दाभण होतं ते, खालच्या गिरणीवाल्याकडून आणलेलं.

शिमग्याच्या सुमारास सगळ्या गावांची कार्डं तयार झाली. सरांनी ठरवलं होतं, जिथं पहिल्या आठवड्यात मुलं जाताहेत तिथल्या सुईणींचा वर्ग आधी घ्यायचा. नाळ विळ्यानं कापू नका, त्यानं बाळाला धनुर्वात होतो, नवं पातं घ्या, दोरा उकळून घ्या, एवढंच शिकवायचं होतं. पातं आणि दोरा संस्था देणार होती. एक डॉक्टरीणबाई यायला कबूल झाल्या होत्या. पण वर्ग घेता येणार होते मोजक्याच गावांत. कोणती गावं, ते कार्डं सांगणार होती.

आम्ही सगळे टेबलाभोवती उभे. सर एकेका गावाचा गठ्ठा घेत, दाभण घालत, उचलत. कार्डं पडत — कुठं सात-आठ, कुठं चार. माझ्या वाडीचा गठ्ठा आला. दाभण घातलं, उचललं. काहीच पडलं नाही. सरांनी गठ्ठा हलवला, अडकलंय की काय म्हणून बोटानं टिचकी मारली. काही नाही. टेबल स्वच्छ.

"अरे वा," सर म्हणाले. "या वाडीत एकही नाही. सुईण हुशार दिसते तिथली." आणि माझ्याकडे बघून हसले, जणू तेही माझंच कौतुक.

तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडायचं होतं फक्त. हौसाबाईला तेव्हा पाचवा महिना असणार, हे मला उभ्या उभ्या मोजता येत होतं. आमचं कामच ते. मी काय केलं? मी पुढचा गठ्ठा सरांच्या हातात दिला.

वाडी यादीत आली नाही. वर्ग दुसऱ्या गावांत झाले. त्या वर्गांनी फार चांगलं काम केलं, खरंच सांगते. पुढं त्याचं कौतुक झालं, बाहेरची माणसं बघायला आली, आणि तिथून संस्थेचे दिवस पालटले. हे स्मरणिकेत विस्तारानं आलं आहे. गिरणीवरून आम्ही बंगलीत गेलो, बंगलीतून स्वतःच्या इमारतीत. पाटी लागली, जीप आली, कार्डं-दाभण जाऊन यंत्रं आली. राजूरकडच्या डोंगरातल्या गावांपर्यंत आमच्या मुली पोचल्या. नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी सर माझा जुना गठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवायचे, पत्रक कसं भरावं ते दाखवायला. त्यातच ते पत्रक होतं. मुली ते हातात घ्यायच्या, सरळ धरून बघायच्या. मी खिडकीशी उभी राहायचे. एक मात्र मी दरवेळी शिकवलं — मुलं किती असं विचारू नका, बाळंतपणं किती ते विचारा. हे तुम्हाला कसं सुचलं, असं कुणी विचारलं की अनुभवानं, असं सांगायचे. त्या एका प्रश्नासाठीसुद्धा माझं नाव झालं. निरोपाच्या समारंभात शाल देताना तो प्रश्न 'बाईंचा प्रश्न' म्हणून सांगितला गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हौसाबाईचा प्रश्न होता.

जुनी पत्रकं पुढं वाळवी लागली म्हणून काढून टाकली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हेही सांगून टाकते.

आता शेवटचं. हे सांगायला म्हणूनच बसले, आणि केव्हाची इकडंतिकडं करते आहे.

वर्षभरानं आमची दुसरी फेरी निघाली. त्याच घरी जायचं, मधल्या काळात काय झालं ते नोंदवायचं, जुनं पत्रक ताडून बघायला बरोबर ठेवायचं. माझी वाडी मलाच दिली. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही.

पाऊस झाला होता. बाजरी काढून झाली होती, अंगणात कणसं पडली होती. विहिरीला पाणी होतं. हौसाबाईच्या घरी सासू झोपली होती आत. हौसाबाई ओट्यावर बसून बाजरी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं, लगबगीनं उठली, घोंगडी टाकली. कुणी माहेरचं आल्यावर टाकतात तशी. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. पाळणा दिसत नव्हता कुठं. मला विचारावं लागलं नाही.

"चवथा पन गेला, बाई," ती म्हणाली. "आखाडात. पाचवीच्या आदल्या दिशी. तसंच अंग ताठलं."

तो वाचला असता का, तुम्ही विचाराल. वर्ग झाला असता, पातं मिळालं असतं, तरी कदाचित वाचला नसता. हे 'कदाचित' मी इतकी वर्षं वापरलं आहे की आता त्याला धार उरलेली नाही. आज ते वापरत नाही.

ती हळू आवाजात बोलत होती, आत जाग येऊ नये म्हणून. "लोकं म्हनत्यात हिला काय न्हाईच. डोहाळजेवनाला मला कुनी बोलवीत न्हाई, वटी भराय फुडं येऊ देत न्हाईत. म्हनू द्या. मी मनाशी म्हनती, त्या बाईंच्या कागदावर माझी तिघं हायती. लिवल्याली हायती. माझ्याम्होरं लिवली." मग पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यो कागद आनलाय का? दावा की मला. कुटं हायती ती?"

सांगता आलं असतं की कागद नगरला राहिला. किंवा पाया पडून खरं सांगता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. मी जुनं पत्रक काढलं.

तिनं हात पदराला पुसले. दोनदा पुसले. मग तर्जनी पुढं केली आणि माझ्याकडे बघत थांबली. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरलं आणि शून्यावर ठेवलं.

"हितं?"

"हो."

बोट तिथंच राहिलं. बाजरीचा भुसा लागलेलं, नख तुटलेलं. ती त्या गोलाकडे बघत होती आणि चेहऱ्यावर — मला शब्द सापडत नाही. बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करून बघतात ना, तशी बघत होती.

"एवढ्यात तिघं बसली व्हय?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "बसली."

तिनं बोट उचललं, कपाळाला लावलं. मग म्हणाली, "आता ह्याला पन लिवा. तिघांच्या खाली."

मी नवं पत्रक काढलं. त्यात पहिला रकाना मधल्या काळातल्या बाळंतपणांचा. तिथं एक लिहिला, वय चार दिवस. पुढचा रकाना आजवरच्या एकूण मुलांचा. तो जुन्या पत्रकावरून भरायचा होता, मागचा आकडा अधिक हा. मागचा आकडा शून्य होता, शाईत. दोन पत्रकं जुळली नाहीत तर सर विचारणार. मी पेन्सिल काढलीच नाही. तिच्यासमोरच शाईच्या पेनानं लिहिलं — आजपर्यंत एकूण झालेली मुले : एक.

ती पेनाचं टोक बघत होती.

"आता चार झाली न्हवं?"

"चार," मी म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.